चित्र उतामारोचे, केस कोणाचे?

आमच्या एका स्नेह्यांच्या पुण्यातील दिवाणखान्यात, खिडकीसमोरच्या भिंतीवर, कितागावा उतामारो या जपानी चित्रकाराचे एक छापचित्र चौकटीत बसवून टांगलेले आहे. चित्र जुने नव्हे; दोन शतकांपूर्वीच्या मूळ चित्रावरून, परंतु जुन्याच रीतीने लाकडी ठसे कोरून, टोकियोत अलीकडे केव्हातरी छापलेली ती प्रत असून, जावई कामानिमित्त तिकडे असताना त्यांनी ती सासऱ्यांसाठी आणली. चौकड्यांच्या नक्षीचा किमोनो ल्यालेली, फुंकर घातली की टकटक वाजणारे काचेचे खेळणे ओठांशी धरलेली आणि कोणीतरी हाक मारल्यासारखी किंचित मान वळविलेली एक तरुणी त्यात आहे. मागची भूमी अभ्रकाच्या चुऱ्याने चमकते. गेल्या खेपेस तेथे जमलेल्या मंडळींपैकी एक गृहस्थ चौकटीजवळ गेले, त्यांनी चष्मा कपाळावर चढविला, आणि तरुणीच्या कानशिलापासून वर ओढून घेतलेले ते केशजाल न्याहाळीत ते म्हणाले, “काय केस काढले आहेत हो या माणसाने! एकेक मोजून घ्यावा!” माझा स्वभाव मुळात वाद घालण्याचा, त्यात चहा व्हावयाचा होता, मी म्हणालो, “अहो, केस त्याने काढलेलेच नाहीत.”

पुढे जे संभाषण झाले ते यजमानांच्या सौजन्यामुळेच भांडणापर्यंत गेले नाही. परंतु मुद्दा विक्षिप्तपणाचा नव्हता, आणि दिवाणखान्यात जे धड सांगता आले नाही ते येथे सविस्तर मांडावे, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत ‘उकियो-ए’ या नावाने जी छापचित्रे निघत, त्यांच्या निर्मितीत चौघांचा हात असे: भांडवल घालून विषय ठरविणारा प्रकाशक, रेखाटन करणारा चित्रकार, ठसे कोरणारा आणि कागदावर छाप उठविणारा. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करून देई. तो कागद पहाडी चेरीच्या रंधून गुळगुळीत केलेल्या फळीवर खळीने पालथा चिकटवीत, पाठीमागून बोटांनी चोळून त्याचा पदर इतका विरळ करीत की शाईची रेषा आरपार दिसू लागे, आणि मग कोरणारा त्या रेषेच्या दोन्ही अंगांनी सुरी चालवून मधली रेषा तेवढी उभी ठेवी व आजूबाजूचे लाकूड मोगरीच्या ठोक्यांनी पटाशीने काढून टाकी. या खटपटीत चित्रकाराचे मूळ रेखाटन फळीवरच कापले जाऊन कायमचे नाहीसे होई. म्हणजे आपण चौकटीत जे बसवितो, संग्रहालयात ज्याच्यापुढे आवाज खाली आणतो, त्या कागदाला उतामारोच्या कुंचल्याचा स्पर्श कधी झालेलाच नसतो. कुंचला ज्याला लागला होता तो कागद ठसा तयार होण्यापूर्वीच संपलेला असतो.

आणि केस? चित्रकार केसांची फक्त सीमा दाखवी; अंबाड्याचा घेर एवढा, कानशिलावरची पट्टी येथून तेथवर, बस्स. कपाळाच्या कडेला जेथे त्वचा संपून केस सुरू होतात, तेथला एकेक तंतू कोरणारा आपल्या अंदाजाने, मार्गदर्शक रेषेवाचून कोरी. एका मिलिमीटरच्या रुंदीत दोन-तीन केस उभे ठेवावयाचे, ते मुळाशी दाट व टोकाशी निमुळते असावयाचे, आणि पुढे शेकडो वेळा शाई लागून कागद घासला जाताना एकही मोडता कामा नये! कारखान्यात किमोनोवरची नक्षी शिकाऊ पोरांकडे असे. चेहरा व केस मात्र मुख्य कारागिराशिवाय कोणाच्या हाती देत नसत, आणि त्या जागेपर्यंत पोहोचावयास माणसाची दहा-दहा वर्षे जात. तेव्हा आमच्या गृहस्थांनी चष्मा वर करून ज्याची तारीफ केली तो नेमका तोच भाग होता, जो चित्रकाराने केला नव्हता.

छापणाऱ्याची गोष्ट याहून निराळी नाही. प्रत्येक रंगाला स्वतंत्र ठसा; ते सारे एकावर एक बिनचूक बसावेत म्हणून प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात एक काटकोनी खाच व काठाशी एक सरळ खाच, आणि दमट केलेल्या कागदाची कड त्या दोन खाचांत दोन बोटांनी टेकवावयाची. हा कागद कोझोच्या म्हणजे तुतीच्या जातीतल्या झुडपाच्या सालीपासून केलेला व सरस आणि तुरटी यांच्या पाण्याचा हात दिलेला असे, म्हणजे रंग फुटत नसे. तांबडा रंग करडईच्या फुलांचा, आपल्याकडे ज्याला कुसुंबी म्हणत तोच. रंगात तांदळाची खळ मिसळून तो फळीवर ब्रशाने लावीत आणि ‘बारेन’ नावाच्या, बांबूच्या पारीची दोरी वळवून केलेल्या व वरून पारीतच गुंडाळलेल्या चपट्या गादीने कागद पाठीमागून दाबून घाशीत. एका बैठकीचे काम दोनशे प्रतींचे. गालावर जो जाणवेल न जाणवेल असा गुलाबी विरतो, किमोनोच्या पांढऱ्या गळपट्टीवर रंगावाचून केवळ दाबाने जी नक्षी उठते, ती सारी मनगटाची करामत. रेखाटनात तिचा मागमूस नसतो.

आता कोणी म्हणेल, कारागिरांची नावे घालण्याचा तेव्हा प्रघातच नव्हता, त्याला आपण आज काय करणार? ही समजूत सार्वत्रिक असली तरी खरी नाही. अनेक रंगांची संपूर्ण छपाई, जिला तिच्या भरजरी श्रीमंतीमुळे ‘निशिकि-ए’ म्हणजे जणू किनखाबी चित्र म्हणू लागले, ती 1765 साली एदोत प्रथम साधली. आणि ती साधली ती बाजारासाठी नव्हे, तर हौशी रसिक मंडळींनी नववर्षानिमित्त एकमेकांस देण्यासाठी करविलेल्या दिनदर्शक चित्रांत. त्यांपैकी सुझुकी हारुनोबूचे एक चित्र वळवाच्या पावसाचे आहे. वाळत घातलेले कपडे काढावयास एक मुलगी वाऱ्यापावसात धावली आहे, धावताना तिच्या एका पायातली खडाव मागे सुटली आहे, आणि बांबूवर फडफडणाऱ्या वस्त्राच्या नक्षीत त्या वर्षीचे मोठे महिने कोणते त्यांचे आकडे लपविलेले आहेत. या चित्राच्या आरंभीच्या प्रतींवर चित्र करविणाऱ्या रसिकाचे नाव आहे, हारुनोबूचे आहे, आणि त्यांच्याच पंक्तीला कोरणारा एंदो गोरोकू व छापणारा युमोतो कोशी यांचीही नावे आहेत. चौघेही एका कागदावर, एका इतमामाने! पुढे असली चित्रे व्यापाऱ्यांच्या हाती गेली, दिनदर्शकाचे आकडे शिळे झाले म्हणून ते ठशांवरून तासून काढण्यात आले, आणि त्यांच्याबरोबर कारागिरांची नावेही गेली. महिन्यांचे आकडे शिळे होतात हे मला समजते. माणसाचे नाव एका वर्षात शिळे कसे होते हे समजत नाही.

तेव्हापासून कागदावर नाव कोणाचे असावे हा प्रश्न सौंदर्याचा न राहता दुकानदारीचा आणि सरकारचा झाला. 1790 नंतर प्रत्येक छापचित्राचा मसुदा मंजुरीसाठी रुजू करावा लागे व पास झाल्याची खूण म्हणून ‘किवामे’ हा छोटा गोल शिक्का चित्रातच उमटविला जाई. म्हणजे चित्रकाराच्या सहीला जागा होती, प्रकाशकाच्या चिन्हाला जागा होती, अंमलदाराच्या शिक्क्यालाही जागा होती. ज्याच्या सुरीखालून ही तिन्ही अक्षरे निघत, त्याने दुसऱ्यांची नावे कोरावयाची आणि हात झाडून उठावयाचे.

चित्रातल्या स्त्रियांचे प्रकरण तर याहून चमत्कारिक आहे, आणि ‘सुंदरीचित्रे’ म्हणून आपण ज्यांच्याकडे केवळ रंजनाच्या दृष्टीने पाहतो ती वाचावयाची असतील तर ते ध्यानात घेतल्यावाचून गत्यंतर नाही. 1793 च्या सुमारास असाकुसाच्या देवळाजवळील एका चहाच्या दुकानातली ओकिता आणि र्‍योगोकुतील भाजक्या पापड्या विकणाऱ्याची मुलगी ओहिसा, या सोळा-सतरा वर्षांच्या दोघी उतामारोच्या चित्रांमुळे सबंध शहरात गाजल्या. दुकानदारांच्या पोरींची नावे अशी घरोघर व्हावीत हे सरकारच्या काटकसरीच्या व शिस्तीच्या धोरणास मानवले नाही, आणि गणिकांखेरीज कोणाही स्त्रीचे नाव चित्रावर घालू नये, अशी ताकीद निघाली. उतामारोने पळवाट काढली: नाव लिहावयाचे नाही ना, मग चित्रे काढू. पालेभाजीच्या दोन जुड्या, एक बाण, खोल समुद्र आणि भाताचे खाचर ही चित्रे एका कोपऱ्यात मांडली, आणि जपानी भाषेत त्यांचे उच्चार जोडून वाचले की ‘नानिवाया ओकिता’ हे नाव आपसूक तयार होते. गंमत सरकारच्याही ध्यानी आली आणि 1796 साली ही चित्रकोडीही बंद झाली.

या हुकमाचा अर्थ नीट लावून पाहावा. कष्ट करून चहा देणाऱ्या मुलीचे नाव कागदावर बेकायदा. आणि नाव छापावयास मुभा कोणाची, तर योशिवाराच्या बंदिस्त मोहल्ल्यातल्या त्या स्त्रियांची, ज्यांतल्या कितीएक सात-आठ वर्षांच्या असताना आईबापांच्या कर्जापायी करारनाम्याने तेथे आणलेल्या असत. त्यांचे नाव छापणे हे त्यांचा सन्मान नसून मालकाच्या दुकानाची पाटी होती. आणि तेही नाव बहुधा जन्माचे नसे, घराण्याने दिलेले, एकीमागून दुसरीस लागणारे असे. उतामारोला पुढे आणणारा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो हा त्या मोहल्ल्यातच वाढला होता आणि कोणत्या वाड्यात कोण आहे हे सांगणाऱ्या तेथल्या पुस्तिकांची मक्तेदारी त्याच्याकडे होती, ही गोष्ट चित्रांच्या मोहक रंगांत आपण विसरून जातो. मोहल्ल्याजवळच्या जोकान-जी या देवळाला लोक ‘टाकून देण्याचे देऊळ’ म्हणत. मरण पावलेल्या सुमारे 25,000 बेवारस स्त्रियांना तेथे मूठमाती मिळाली असे मानतात.

मात्र येथे उतामारोची बाजू घेणे मला भाग आहे, कारण जाहिरातीच्या धंद्यात राहूनही त्याचा डोळा जाहिरातीपुरता नव्हता. योशिवारातले बारा प्रहर दाखविणारी त्याची एक चित्रमाला आहे. तिच्यातले उत्तररात्रीचे चित्र पाहावे. अर्धवट झोपेतली एक स्त्री अंथरुणातून उठून बाहेर निघाली आहे. एका हातात उजेडासाठी पेटविलेली कागदाची वळकटी, दुसऱ्या हातात कागद, आणि पाय चपलेत सरकविण्यासाठी ती चाचपडते आहे. गळ्याशी वस्त्र सैलावले आहे, पण त्यात आमंत्रण नाही. दिवसभर उभे राहून दमलेल्या माणसाची ती सैल अवस्था आहे. या स्त्रीला नाव दिलेले नाही. जेथे नाव नाही तेथेच माणूस दिसावा, हा योगायोग असेल. पण मला तो तसा वाटत नाही.

अशा या चित्रकारानेच, आपल्या अखेरच्या वर्षांत, ‘किनखाबी’ चित्रे एदोत कशी तयार होतात हे दाखविणारी एक त्रिपट्टी केली. तिच्यात रेखाटन दाखविणे, हत्यारांना धार लावणे, कोरणे, छापणे ही सर्व कामे करणाऱ्या स्त्रिया आहेत. सुंदर, सडपातळ, केशरचनेत केसही हललेला नाही अशा. अर्धशतकानंतर 1857 साली उतागावा कुनिसादाने पुन्हा तोच खेळ मांडला: योद्धे, शेतकरी, कारागीर व व्यापारी या चार वर्गांवर स्त्रियांची योजना करून, कारागिरांच्या त्रिपट्टीत त्याने चित्रनिर्मितीचा कारखानाच घातला. एक स्त्री रुंद ब्रशाने कागदाला सरस-तुरटीचा हात देते आहे, एक पटाशीवर मोगरी हाणते आहे, एक निसण्यावर पाते घाशीत बसली आहे; फळ्यांवर पडलेल्या कपच्या, पाण्याची भांडी, वाळत टाकलेले कागद, सारे जेथल्या तेथे. हत्यारांच्या बाबतीत हे चित्र एखाद्या दस्तऐवजाइतके विश्वसनीय आहे, आणि माणसांच्या बाबतीत तितकेच अविश्वसनीय. कारण एदोतले हे कारखाने पुरुषांचे होते. जपानी भाषेत या युक्तीला ‘मिताते’ म्हणतात, म्हणजे एकाच्या जागी दुसरे कल्पून पाहण्याची मौज. घामाने थबथबलेल्या प्रौढ कारागिराचे चित्र कोण विकत घेणार? म्हणून त्याला उठवून त्याच्या जागी रूपवतीला बसविले.

या चित्रांना स्त्रीच्या श्रमाचा गौरव म्हणणारे लेखन मी वाचले आहे. मला ते पटत नाही. यात झाकपाक दुहेरी आहे: कोरणाऱ्या पुरुषाचा चेहरा स्त्रीच्या चेहऱ्याखाली गेला, आणि स्त्रिया खरोखर जी कामे करीत ती या न केलेल्या कामाखाली गेली. ती कामे काही थोडी नव्हती. रेशमाच्या किड्यांची जोपासना, विणकाम, शिवणकाम, समुद्राच्या तळाशी बुडी मारून शिंपले काढणे, धुतलेले वस्त्र खळ देऊन फळीवर ताणणे, हे सारे उतामारोने इतरत्र काढले आहे, आणि स्त्रियांच्या हस्तकौशल्यांवरील बारा चित्रांच्या मालेत एक केशरचना करणारी बाई आहे. गिऱ्हाईक बाई पुढे बसली आहे, ही मागे उभी राहून एकाग्र मनाने तिचे केस हाती घेते आहे. ज्या कानशिलावरच्या केसांपायी आमचा वाद झाला, ते कागदावर येण्यापूर्वी कोणातरी डोक्यावर अशाच एका बाईने बसविलेले असत. त्या काळच्या तऱ्हेप्रमाणे कानशिलावरचे केस कंदिलासारखे पसरून इतके विरळ ताणीत की पलीकडचे दिसावे. आणि या बायांच्या धंद्यालाही 1795 साली, चैनीस उत्तेजन देतो या सबबीवर, सरकारने मनाई केली होती. केस विंचरणारीवर बंदी, केस मिरविणारीचे नाव बेकायदा, केस कोरणारा बेनाव. आणि चित्र मात्र उतामारोचे!

स्वतः उतामारोही अखेर त्याच सरकारच्या तावडीत सापडला. सोळाव्या शतकातला सत्ताधीश हिदेयोशी याला त्याच्या बायकांसह चित्रित केल्याबद्दल 1804 साली त्याला 50 दिवस हातबेड्या घातल्या गेल्या, आणि दोन वर्षांनी तो वारला.

कारागिराची बाजू मांडताना त्याला अगदी देवपण देण्याचीही गरज नाही. कात्सुशिका होकुसाई हा पोरवयात स्वतः ठसे कोरण्याचे काम शिकला होता, त्यामुळे सुरी कोठे सरळ जाते आणि कोठे सवयीने वळते हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हातारपणी त्याने प्रकाशकांना लिहिलेल्या पत्रांत काम एगावा तोमेकिचीच्याच हाती द्यावे असा आग्रह आहे. इतकेच नव्हे, तर आपण न काढलेली खालची पापणी कोरणाऱ्याने पदरची घालू नये, आणि आपली नाके उतागावा संप्रदायाच्या नाकांसारखी करू नयेत, अशी तक्रार करून नाक-डोळ्यांच्या आकृतीच काढून दाखविल्या आहेत. उदार मनाने वाचले तर हे पत्र विनोदी आहे. पण त्यातून जो निष्कर्ष निघतो तो विनोदी नाही: नाकाच्या आकारापर्यंत अधिकार कोरणाऱ्याच्या हाती होता, हे चित्रकारच कबूल करतो. ज्याच्या हातून बिघडू शकते त्याच्या हातून साधतेही. आणि एवढ्या तिरसट म्हाताऱ्याने एका कारागिराला नाव घेऊन मागावे, यापरते प्रशस्तिपत्र दुसरे कोणते हवे? होकुसाईच्या घरातच आणखी एक नाव होते, त्याच्या मुलीचे, ओई हिचे. योशिवारातल्या रात्रीचे, कंदिलांच्या उजेडात जाळीआड बसलेल्या स्त्रियांचे तिचे रंगचित्र टोकियोच्या ओता संग्रहालयात आहे. चित्रनिर्मितीत खरोखर राबणारी स्त्री पाहावयाची असेल तर कुनिसादाच्या त्रिपट्टीपेक्षा तिकडे पाहावे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काही कोरणारे इतके नावाजले की त्यांची नावे चित्रांवर पुन्हा येऊ लागली. योकोगावा ताकेजिरो याचा ‘होरि ताके’ हा छोटा शिक्का, म्हणजे ‘कोरणारा ताके’, हिरोशिगे व कुनिसादा या चित्रकारांच्या चित्रांवर सापडतो. दुर्दैव असे की त्याच सुमारास ही चित्रे युरोपात गेली आणि तेथे त्यांना जे वाली भेटले त्यांना प्रतिभावंत एकट्यानेच उभा असलेला आवडे. फ्रेंच लेखक एदमाँ द गोंकूर याने 1891 साली उतामारोवर आणि 1896 साली होकुसाईवर ग्रंथ लिहिले. रसिकतेच्या दृष्टीने ते मोलाचे असतील, परंतु एक सही आणि एक प्रतिभा हे समीकरण त्या काळापासून जे रूढ झाले ते आजवर हललेले नाही. त्याची छाया जपानवरही पडली. 1904 साली यामामोतो कानाए याने एका कोळ्याचे चित्र स्वतःच रेखाटून, कोरून व छापून दाखविले, आणि जे एकट्याने केले तेच खरे सर्जन, असे मानणारा एक संप्रदाय उभा राहिला. उलट प्रकाशक वातानाबे शोझाबुरो याने जुनी श्रमविभागणी हट्टाने चालू ठेवली आणि इतो शिन्सुई याच्याकडून 1916 पासून नव्या सुंदरीचित्रांची माला काढली. हाशिगुची गोयोने तर कारागिरांवर स्वतः देखरेख ठेवून थोडीच, परंतु अलौकिक चित्रे केली. 1920 सालच्या ‘केस विंचरणारी स्त्री’ या चित्रात खांद्यावरून मांडीकडे उतरणारा तो काळाभोर केशप्रवाह पाहताना पुन्हा तोच प्रश्न मनात येतो, की हा कोणी कोरला? 1930-31 मध्ये हिंदुस्थानात येऊन अजिंठ्याचेही छापचित्र करणारा योशिदा हिरोशी आपल्या देखरेखीखालच्या चित्रांच्या समासात ‘स्वतः छापले’ अशा अर्थाची मुद्रा घाली. छपाईचे हात बहुतेक वेळा दुसऱ्यांचे असत. मला योशिदाची चित्रे फार आवडतात. ती मुद्रा आवडत नाही.

हा दोष जपान्यांचाच आहे असे मानून आपण सुटू नये. आमच्या लहानपणी माजघरात जी लक्ष्मी आणि जी सरस्वती होती ती रविवर्म्याची, हे पोरासोरांनाही ठाऊक असे. 1894 साली मुंबईत निघालेला व पुढे मळवलीस गेलेला त्याचा छापखाना अनेक दगडांवरून एकेक रंग चढवून ती चित्रे काढी, आणि तैलचित्रातला पदर दगडावर उतरविणारा माणूस कोण, हे आम्ही कधी विचारले नाही.

तेव्हा माझे म्हणणे अगदी मर्यादित आणि व्यवहार्य आहे. ज्या प्रदर्शनांत, पुस्तकांत व वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ही चित्रे दाखविली जातात, तेथे चित्राखालच्या ओळीत चित्रकाराबरोबर प्रकाशक, कोरणारा व छापणारा यांची नावे द्यावीत. आणि जेथे ती ठाऊक नाहीत तेथे ‘कोरणारा अज्ञात, छापणारा अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे. यावर आक्षेप येईल की चार नावांनी ओळ बोजड होते आणि ‘अज्ञात’ हा शब्द चित्रागणिक येऊन कंटाळा आणील. येऊ द्यावा कंटाळा. दहा चित्रांखाली तोच शब्द वाचल्यावर अकराव्या चित्राशी प्रेक्षक निदान केसांकडे जरा थांबून पाहील. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कल्पना चित्रकाराची, बाकीचे हुकमाचे ताबेदार. पण विषय ठरविणारा प्रकाशक असे, हत्यार कारागिराचे असे आणि कोणते नाव छापावे ते सरकार ठरवी. या व्यवहारात निखळ स्वतंत्र असा कोणीच नव्हता. स्वातंत्र्याच्या निकषावर नाव द्यावयाचे तर उतामारोचेही पुसावे लागेल.

हे सारे मी त्या संध्याकाळी इतक्या सुसंगतपणे बोललो नाही. पण यजमानांनी बहुधा मनावर घेतले असावे, कारण चारच दिवसांनी त्यांचा फोन आला, “जरा येऊन जा.” गेलो तर चौकट भिंतीवरून उतरवून टेबलावर पालथी ठेवलेली आणि मागचा पुठ्ठा काढलेला. चौकट करणाऱ्याने चित्र चांगले ठसठशीत दिसावे म्हणून डाव्या अंगाचा सगळा कोरा समास पांढऱ्या पुठ्ठ्याच्या आत दाबून टाकला होता. आणि त्या समासात, खालच्या बाजूस, उभ्या ओळीत बारीक जपानी अक्षरे छापलेली होती. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची वाण नाही. शेजारची मुलगी त्याच अभ्यासाच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला हाक मारली. तिने कागदाला बोट न लावता, वाकून, मोबाइलचा उजेड पाडून वाचले. “काका, हे अक्षर ‘कोरणे’. हे खालचे ‘छापणे’. आणि त्यांच्यापुढे दोन नावे आहेत.”

“नावे काय आहेत?” आम्ही दोघांनी एकदमच विचारले.

ती अडखळली. पहिल्या नावातली अक्षरे ओळखीची होती, पण नावांत तीच अक्षरे तीन-चार तऱ्हांनी उच्चारतात, असे ती म्हणाली. नेमका उच्चार त्या माणसालाच विचारावा लागतो. यजमानांनी वही आणून ती अक्षरे तिच्याकडून मोठी करून काढून घेतली आणि पुठ्ठ्याची खिडकी डावीकडे बोटभर रुंद करावयास चौकट त्याच दिवशी दुकानात धाडली.